खडूच्या रेघा आणि दगडी घोरपड

लव्हॉनचा राक्षस मरता मरेना, आणि इकडे ऑरिन घोरायला लागले.

आदल्या शनिवारच्या खेळात तिचा राक्षस दुसऱ्याच फेरीत आडवा झाला होता, म्हणून तिनं या खेपेला त्याचा जीव दुप्पट केला. झालं काय, तर लढाई नुसती लांबली. फासा टाका, वार करा, आकडा वजा करा, पुन्हा फासा टाका. चौकटींच्या कागदावर शिशाचे योद्धे समोरासमोर उभे आणि टेबलाभोवती माणसं जांभया देतायत. शाळेची बस चालवून पोरांचा धुडगूस पचवणारी ही बाई, पण त्या शांततेनं तिला घाम फुटला.

आवराआवर झाल्यावर ऑरिननी आपला ब्रुंडिन, रंग उडालेला कुऱ्हाडवाला शिशाचा बुटका, तिच्या तळहातावर ठेवला.

"हा आता तुझ्या पेटीत राहू दे. पुढचा शनिवार माझा शेवटचा. मग मी चेंडूनं खुंट्या पाडायच्या बोलिंगला जाणार."

"का पण? माझं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही गं. मारतो, लागतं, समोरचं पडतं. बोलिंगमध्येही तेच असतं, वर तिथे बिअर मिळते."

दातांच्या दवाखान्यात काम करणारी टॅमी, खेळातली त्यांची तिरंदाज, खो खो हसली. लव्हॉनला मात्र रडू यायचं बाकी होतं. एकानं गोष्ट मांडायची आणि बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं, असा हा खेळ याच माणसानं बावीस वर्षांपूर्वी आपल्या तळघरात तिला शिकवला होता. तेव्हा ऑरिन खेळातल्या प्रत्येक दारापाशी अडून बसायचे. दार कुणी बांधलं? कडी बाहेरून का? गेल्या वर्षभरात त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. ते उठून गेले तर आपण हे सगळं मांडायचं कुणासाठी, हेच तिला कळेना.

सोमवारी सकाळी बस डेपोत तिच्यावर हल्ला झाला. जुन्या टायरांच्या ढिगामागे एका रानहंसिणीनं घरटं केलं होतं. एप्रिलमध्ये विस्कॉन्सिन राज्यभर हा जाच असतो. बया पंख पसरून, फिस्कारत धावून आली. लव्हॉन पळाली, कचऱ्याच्या निळ्या पेटीपाशी अडखळून चक्क गुडघ्यावर पडली. आता चोच बसणार म्हणून तिनं डोळे मिटले. काहीच झालं नाही. हंसीण तोंड फिरवून डुलत डुलत परत निघाली होती.

अगं, मी पडले होते की! तावडीत सापडले होते! मग सोडलं का मला?

दुसरी एखादी घरी जाऊन गुडघ्याला औषध लावती. हिनं मंगळवारी खिशातून खडू आणला. हंसीण जिथून मागे वळली तिथे रेघ. बुधवारी लव्हॉन कुंपणाकडून गेली, हंसीण वळली तिथे रेघ. गुरुवारी हातात झाडू घेऊन, तरी रेघ तिथेच. गॅरेजमधला ड्वेन ओरडला, "लव्हॉन, बस चालवायचे पैसे मिळतात तुला, हंस चालवायचे नाही!" शुक्रवारपर्यंत डांबरावर घरट्याभोवती एक वाकडं वर्तुळ उमटलं होतं. लव्हॉन त्याच्याकडे बघत राहिली आणि तिची पहिली शाळा फेरी सात मिनिटं उशिरा सुटली.

शनिवारी दुपारी ऑरिन आले ते कोट न काढताच बसले. लव्हॉननं टेबलावर पाणचक्की मांडली. गावाची गिरणी बंद पडलीय, चाकाशी एक दगडी घोरपड आहे, ती हाकलायची. जीव किती, ते तिनं या वेळी कागदावर लिहिलंच नव्हतं.

टॅमीनं बाण मारला. घोरपड धावली. पेट्रोल पंपवाला गस तलवार घेऊन आडवा गेला आणि शेपटीच्या एका फटक्यात पुलापलीकडे जाऊन पडला.

"मेलो मी," गस म्हणाला. "आता ही मला खाणार."

"ती मागे फिरली," लव्हॉन म्हणाली.

टॅमी डावीकडून चाकाकडे सरकली. घोरपड तिच्यावर झेपावली, टॅमी गिरणीच्या कुंपणाबाहेर पळाली. घोरपड परत फिरली.

"ऑरिन, तुमची पाळी."

"चला आजोबा, टाका फासा," टॅमी म्हणाली. "बोलिंगला उशीर होतोय."

ऑरिननी फासा उचलला आणि हातातच धरून ठेवला. बोलू नकोस, लव्हॉननं स्वतःला दटावलं, मेलीस तरी बोलू नकोस.

"थांब," ऑरिन म्हणाले. "गस तर समोर पडला होता. त्याला खाल्लं का नाही तिनं?"

ते उठले, कोट खुर्चीवर टाकला, टॅमीच्या बशीतला चीजचा एक तुकडा उचलून पुलाच्या चौकटीवर ठेवला.

"ए, माझं चीज!"

"गप्प बस. इथून वळली. आणि तुझ्या वेळी इथून." दुसरा तुकडा. मग ब्रुंडिनला त्यांनी मुद्दाम पुढे नेलं, मागे आणलं, पुन्हा दुसऱ्या बाजूनं नेलं. दोन वेळा शेपटीचा फटका खाल्ला, पण चीजचं वर्तुळ पुरं झालं. त्यांचं बोट वर्तुळाच्या मधोमध, चाकाखाली येऊन टेकलं.

"इथे काहीतरी आहे तिचं," ते हळूच म्हणाले. "ब्रुंडिन कुऱ्हाड खाली ठेवतो. उलट्या पावलांनी रेघेबाहेर जातो."

"घोरपड थांबली," लव्हॉन म्हणाली. "बसली."

"मग लढाई जिंकलो की हरलो?" गसनं विचारलं.

"गावाला पीठ हवंय, हिला हे चाक हवंय," ऑरिन म्हणाले. "गिरणीच हलवू. ओढ्याच्या वरच्या अंगाला उतार आहे का गं? दगड कुठला? नवं चाक करायला किती माणसं लागतील?"

"तुम्हीच जाऊन बघा."

"बघतो ना. पण हे काय एका शनिवारचं काम आहे?"

"आणि बोलिंग?" टॅमीनं विचारलं.

"त्यांना कळवतो, गुडघा धरलाय म्हणून."

निघताना लव्हॉननं ब्रुंडिन परत ठेवायला पेटी उघडून त्यांच्यासमोर धरली. ऑरिननी पेटीकडे पाहिलंही नाही. ब्रुंडिनवरचं चीज अंगठ्यानं पुसलं आणि त्याला आपल्या कोटाच्या खिशात टाकलं.