अहिल्याआत्यांचा हार

"अहो, अहिल्याआत्यांना हार जरा बेताचा घाला!" मी म्हणत होते, पण आमचे हे ऐकतील तर शपथ.

आत्या म्हणजे सर्व्हर हो! नोएडात व्हिडिओ बनवणाऱ्या एका कंपनीच्या फायली हे सांभाळतात. सगळ्यांसाठी खुलं असलेलं फुकटचं सॉफ्टवेअर घालून ह्यांनी तीन सर्व्हर एकमेकांना जोडले आणि त्यांना पुण्यातल्या आपल्या आत्यांची नावं दिली: कुमुद, अहिल्या, द्वारका. प्रत्येक फाइल तिघींकडे. एक रुसली तरी उरलेल्या दोघी संसार चालवतात.

खंडेनवमी होती. मी शिरा घेऊन ह्यांच्या ऑफिसात पूजेला गेले होते. ह्यांचे साहेब, गौरव भाटिया, तिथंच उभे. ह्यांच्या आत्या ठेवायच्या की मोठ्या कंपनीचं विकतचं यंत्र आणायचं, ते आजच ठरणार होतं. ह्यांचा जीव टांगणीला लागलेला.

तेवढ्यात सर्व्हरच्या पंख्यानं हारातल्या झेंडूच्या पाकळ्या आत ओढल्या आणि अहिल्याआत्या खर्रकन बंद पडल्या. पण बाहेर एडिटिंग चालूच! कुणाला पत्ताही नाही.

हे खुशीत म्हणाले, "देखा सर? बाकी दोनों ने संभाल लिया."

"बहुत बढ़िया, मुरलीधरजी. पर जिस दिन तीनों बैठ जाएँ, मैं फोन किसे करूँ?"

"मुझे, सर."

"हमेशा?"

"हमेशा!"

त्या 'हमेशा'नं माझं डोकंच फिरलं. लग्नापासून एक गणपती पुण्यात धड झाला नाही. आरतीत फोन, जेवताना फोन, माझ्या बाळंतपणातसुद्धा फोन! मी शिऱ्याचा डबा आपटला. "सरजी, कंपनीवाला खरीद लीजिए. फोन उन्हें कीजिए. इन्हें छोड़िए!"

साहेब हसले. आणि घेतलंच की हो खरोखर! मेट्रोत हे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मलाही फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिन्ही आत्या खोक्यात गेल्या. नवं यंत्र आलं, त्याला नाव नाही, नुसता नंबर.

पुढच्या गणपतीला आम्ही पुण्यात. फोन वाजेना. ह्यांनी तो पुन्हा पुन्हा चार्ज केला, रेंज बघायला गच्चीवर जाऊन आले. शेवटी पानावर बसल्या बसल्या स्वतःच त्या यंत्रवाल्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर लावला. 'आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है,' एवढंच पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. हे मन लावून ऐकत राहिले.

खऱ्या अहिल्याआत्यांनी ह्यांच्या पानात मोदक वाढला. "कुणाचा रे फोन, मुरली?"

"कुणाचा नाही, आत्या," हे म्हणाले. फोन उपडा ठेवला आणि मोदकावर तुपासाठी पान पुढे केलं.