रांगेबाहेरचा रिव्हेट

बाबांनी विमानाच्या डाव्या पंखाखाली हात घातला, बोटं हळूहळू पुढे सरकवत नेली आणि एका ठिकाणी थांबवली. हात बाहेर काढून पँटला पुसला, पुन्हा घातला. बोट पुन्हा तिथंच येऊन थांबलं.

“बाबा, गाय नाहीये ती. थोपटताय काय?”

लेक हसत हसत आली. अंगात उड्डाणाचा निळा पोशाख, काखेत हेल्मेट. “ओळखलंत का? कुंपणापलीकडे हवाई कसरती बघायला आलेल्या लोकांच्या पैजा लागल्यात, कुठलं विमान म्हणून.”

विमान बाबांनी फाटकातूनच ओळखलं होतं. नाकावर एकच पंखा, मागेपुढे दोन बैठका. वायुदलातल्या नवशिक्यांना उडायला शिकवणारं, केव्हाच मोडीत निघालेलं विमान. असल्या विमानांच्या पोटाखाली उताणं पडून त्यांच्या नोकरीची एकवीस वर्षं गेली होती. मघाशी तर त्यांचा ऊरही भरून आला होता. आता मात्र बोट त्या एका जागेवरून हलत नव्हतं. पंखाचा पत्रा आतल्या सांगाड्याला जोडणारे बारा रिव्हेट दोरी धरल्यासारखे सरळ होते आणि तेरावा रांगेबाहेर, अर्धं बोट बाजूला. रंगाचे थरावर थर चढले होते, तरी बोटाला लागत होता.

“किती वाजता आहे तुझं उड्डाण?”

“साडेदहाला. अजून पंचवीस मिनिटं.”

“आज जाऊ नकोस.”

“झालं सुरू!” ती म्हणाली. “पहिल्या उड्डाणाला वारा वाईट होता, लायसन्सच्या वेळी ढग वाईट होते. आज काय वाईट आहे?”

“पंख.”

तिचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. “बाबा, चार वर्षं वाट पाहिलीय मी या विमानाची. आणि मी नाही म्हटलं तर तो तिकडे उभाय ना, काळ्या चष्म्यातला, तो बसेल. त्याला आयतंच.”

बाबांनी तिकडे पाहिलं. तो वैमानिक तिच्याहूनही लहान दिसत होता. कोणाशी तरी बोलताना हात हवेत फिरवून कोलांटी कशी घेतात ते दाखवत होता. पोटात दुखतंय, छातीत कळ आली, असं काहीतरी ढोंग करून लेकीला घरी न्यावं, असं बाबांच्या मनात येऊन गेलं होतं. त्या पोराकडे पाहिल्यावर तेही जमेना.

“इंजिनियरला बोलाव,” ते म्हणाले.

इंजिनियर हातात फाइल घेऊनच आला. याच माणसाने दोन वर्षं खपून हे विमान उभं केलं होतं आणि आज त्याला टाळ्या ऐकायच्या होत्या. तरी तो अदबीने वाकला.

“बोला काका.”

“हा डावा पंख या विमानाचा नाही.”

“नाहीच. धड एकाचं, पंख दुसऱ्याचा. भंगारातून आणला. पण त्याची कागदपत्रं आहेत, सगळी स्वच्छ.”

“त्याचा स्पार तडकलेला आहे. आतला मुख्य कणा. एकदा विमान आपटून उतरलं होतं, तेव्हाचा.”

“काका, झाकण उघडून मी स्वतः पाहिलंय.” इंजिनियरने घड्याळाकडे पाहिलं. “डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय ना तुमचं?”

“बोटांचं नाही झालं.”

लेकीने ओठ दाबून हसू आवरलं. इंजिनियर हसला नाही. “स्पारवर पट्टी आहे, ती कारखान्यातूनच बसवून आलेली. इतकी सफाई हाताच्या कामाला येत नाही, काका. मी रोज हेच काम करतो.”

एरवी कोणी असं म्हटलं असतं तर बाबांनी घरी जाऊन दहादा सांगितलं असतं. आज ते नुसते पंखाला टेकून उभे राहिले. लांब लाउडस्पीकरवर कोणीतरी लेकीचं नाव पुकारलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“ती पट्टी मी बसवली,” बाबा म्हणाले. “पट्टीच्या खाली तडा आहे. पहिलं भोक चुकलं, हात घाईत होता. ते बुजवायला एक रिव्हेट जास्तीचा ठोकला. पंखाखाली बघा, तेरावा, रांग सोडून आहे. पंखच बदलायला हवा होता. पण एकदाच उडवून डेपोत न्यायचंय, तिथं मोडीतच काढणार आहेत, असं साहेब म्हणाले.”

इंजिनियर गुडघ्यावर बसला, पंखाखाली हात घातला. मग त्याने तसंच बसून फाइल उघडली, एक पान काढलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं.

“डेपोत न्यायच्या आधीच्या तारखांना यात दुरुस्तीची काहीच नोंद नाही. ‘तपासलं, दोष नाही’ एवढंच आहे. खाली फिटरची सही.”

“माझीच आहे.”

लेक एकदम वळली. जे केलं नाही त्यावर सही करायची नाही, वाचल्याशिवाय तर मुळीच नाही, हे त्या घरात जेवताना, अभ्यास करताना, शाळेच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा ऐकवलं जात असे. बाबांच्या या एका गोष्टीची ती मैत्रिणींत नक्कल करायची आणि तशीच वागायचीही. उड्डाणाआधीचा कागद ती ओळ न ओळ वाचते म्हणून फ्लाइंग क्लबात तिला ‘मास्तरीणबाई’ म्हणत.

“बढतीची यादी लागायची होती,” बाबा तिच्याकडे न पाहता म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

इंजिनियर उठला. गुडघ्याची माती झटकायचंही त्याला सुचलं नाही. “हे लेखी लागेल, काका. तोंडी सांगण्यावर मला विमान थांबवता येणार नाही. आणि लिहून दिलंत तर ते वरपर्यंत जाईल. तुमच्या पेन्शनचं वगैरे... मला माहीत नाही.”

“पेन द्या.”

पंखावर कागद ठेवून बाबांनी लिहिलं. एकही शब्द खोडला नाही. खाली पूर्ण सही केली. इंजिनियरने हात पुढे केला, तेवढ्यात लेकीने कागद घेतला. तिने तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. लाउडस्पीकरवर पुन्हा तिचं नाव आलं. काळ्या चष्म्यातला पोरगा मान उंच करून इकडे बघू लागला. तिचं वाचून व्हायचं होतं.

“डेपोत कोणी नेलं ते विमान?” तिने विचारलं.

“होता एक. नवीनच लागला होता.”

“पोचला?”

“पोचला. सुखरूप पोचला.”

“त्याला सांगितलं होतंत?”

बाबांनी पंखावरचा हात काढून घेतला.

“नाही.”

तिने हेल्मेट खाली जमिनीवर ठेवलं. कागद पुन्हा पंखावर, त्यांच्यासमोर सरकवला आणि बोटाने कोपरा दाखवला.

“तारीख राहिलीय,” ती म्हणाली.