दारातला टेम्पो

पूजेच्या दिवशी सकाळीच आनंदा थोरल्या बहिणीला म्हणाला, "हौसाबाय, तुजा टेम्पो तेवढा दारातून हलव. पाव्हणे येतील. वास येतो त्याला."

हौसा करंजाच्या धक्क्यावरून मासळी आणून पनवेलच्या बाजारात विकते. टेम्पो तिचा मुलगा दीपेश चालवतो. ओवे गावात तिचं घर भावाच्या बंगल्याला लागूनच आहे, त्यामुळे टेम्पो रोज बंगल्याच्या फाटकासमोर उभा असतो. ती "बरं" म्हणाली. टेम्पो गेला. तीही गेली.

पूजा होती नव्या ट्रेलरची. आनंदाचा मुलगा प्रणित सुट्टीत बायकोला घेऊन समुद्रावर तंबू ठोकायचा. तंबूत कंबर धरते म्हणून त्याने तंबू विकून हे चाकांवरचं घर घेतलं. आत पलंग, शेगडी, खिडकीला पडदे. विकणाऱ्याने ते दारात आणून सोडलं होतं. ओढायला प्रणितची लांबलचक काळी गाडी होतीच, तिला मागे हूकही बसवून घेतला होता.

"ट्रेलर घेतला म्हनलास," शेजारचा जगन म्हणाला, "मला वाटलं न्हावा शेव्याचा कंटेनर आला दारात."

"हसून घे," आनंदा म्हणाला. "तुला आत पाय ठेवू देनार नाय."

आनंदाच्या घरची रीत अशी, की गाडीला नारळ फोडला की ती त्याच दिवशी कार्ल्याला कुलदेवी आईच्या डोंगराच्या पायथ्याशी न्यायची. तोवर ती घरी परत वळवायची नाही. नारळ फुटला. मनस्वीने, सुनेने, गाडीला ओवाळलं. आणि मग घरातल्या सगळ्या म्हाताऱ्या ट्रेलरमध्ये चढून बसल्या. पलंग मऊ आहे म्हणाल्या. त्यांच्या मागोमाग मटणाचे टोप गेले, भाकऱ्यांच्या पाट्या गेल्या, पाण्याचे जार गेले.

"पप्पा, एवढं नको," प्रणित म्हणाला.

"अरे, घरच हाय ना ते? घरात मानसं बसतात," आनंदा म्हणाला.

गल्लीतून रस्त्यावर चढायला चढण आहे. रस्ता नवा करताना उंच झालाय. काळी गाडी चढणीवर थांबली. प्रणितने जोर लावला. चाकं जागीच फिरली, ट्रेलर मागे सरकू लागला, आतून म्हाताऱ्या ओरडल्या. जळका वास आला. बायका उतरल्या, टोप उतरले, तरी गाडी हलेना. क्लच गेला होता.

"आता वास येतोय खरा," जगन म्हणाला. सगळे हसले. आनंदाही हसला, पण त्याचे कान तापले.

प्रणितने चार ठिकाणी फोन केले. ज्यांच्याकडे जोराची गाडी होती, त्यांच्या गाडीला हूक नव्हता. आनंदाला माहीत होतं कुणाच्या आहे ते. खाडीतली होडी दुरुस्तीला आणायची म्हणून हौसाच्या टेम्पोला मागे हूक लावलेला होता. नारळाची शकलं रस्त्यावर पडली होती आणि ट्रेलर चढणीवर दगडांच्या आधाराने उभा होता.

"आत्याला फोन करू?" प्रणितने विचारलं.

"मी जातो," आनंदा म्हणाला.

हौसा तळ्याकाठी भेटली. नव्या लुगड्यात होती, पदर खोचलेला. दीपेश टेम्पोवर बादल्या ओतत होता. दोघांनी तो साबणाने आतून-बाहेरून घासला होता. आरशाला मोगऱ्याचा गजरा बांधला होता.

"झाली का पूजा?" हौसाने विचारलं. "आमी येतच होतो. म्हनलं, वास जाव दे आधी."

पूजेला तिची वाट कुणीही पाहिली नव्हती. ती नाही हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"बाय, गाडी अडली," तो म्हणाला. "टेम्पो पायजे."

"कुठं लावू?"

"दारात."

"दारात?" हौसाने दीपेशकडे पाहिलं. "ऐकलंस रं? मामा दारात म्हनतो."

दीपेश हसला. आनंदाने मान खाली घातली.

काळी गाडी बाजूला ढकलून टेम्पो जोडला, आणि त्याने ट्रेलर चढणीवरून सहज ओढला. गल्लीत कुणीतरी शिट्टी मारली. आनंदाने ताटातलं कुंकू घेतलं आणि सगळ्यांदेखत टेम्पोच्या ओल्या बॉनेटवर लावलं. अंगठ्याला कुंकवाबरोबर माशाचं एक खवलं चिकटून आलं. त्याने ते पुसलं नाही.

"बाय, ओवाळ," तो म्हणाला.

"झालं ना ओवाळून मघाशी."

"टेम्पोला नाय झालं."

हौसाने ताट घेतलं. ओवाळताना ती भावाकडे बघत नव्हती. मग तिने त्याला पुढच्या सीटवर बसवलं, दीपेशच्या आणि स्वतःच्या मध्ये. बाकीची मंडळी दुसऱ्या गाड्यांनी निघाली.

खोपोली सुटली. उन्हात टेम्पो तापला, आणि घासून गेलेला वास हळूहळू परत आला.

"काच खाली करते," हौसा म्हणाली. "तुला तरास होईल."

"राहू दे," आनंदा म्हणाला.

तिने तरी काच थोडी खाली केलीच.