टेबलाचे पाय

बोरी अरब गावच्या बाजारात नंदकिशोरचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान होतं आणि तिथला कॉम्प्युटर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फरहा चालवायची. टेबल मात्र कॉम्प्युटरचं नव्हतंच. नंदकिशोरच्या वडिलांच्या कापडदुकानातलं ते, लोखंडी पायांचं, उभ्यानं कापड फाडायला केलेलं. त्यापुढं प्लास्टिकची बुटकी खुर्ची. कीबोर्डवर हात ठेवायचा तर खांदे पार कानाला भिडत. गोधडीची घडी घेऊन उंच बसावं, तर पाय लोंबकळत आणि कंबर धरे.

उन्हाळा सरताना तिच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. एकदा हातातला कपच निसटला, तेव्हा तिचा भाऊ जमीर, मोटरसायकली दुरुस्त करणारा, तिला दारव्ह्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, पाय जमिनीला टेकू द्या, कोपर टेबलाच्या उंचीला येऊ द्या, मधूनमधून उठा. नाहीतर हे वाढतच जाईल.

तिनं ते नंदकिशोरला सांगितलं. चाकाच्या गुबगुबीत खुर्चीत तो मागं रेलला.

"अवं, सवय असते एकेकाची. ताठ बसत जाय, समदं ठीक होते."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर चित्र लागलं. मोठ्या खुर्चीत हसत बसलेली एक बाई, खाली 'सरळ बसा, निरोगी राहा'. फरहाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती पुढचा अर्ज भरायला बसली.

ती आग बाहेर पडली ॲडमिशनच्या गर्दीत. नातवाचा अर्ज भरायला वच्छलाबाई आल्या होत्या. सगळ्यांदेखत नंदकिशोर म्हणाला, "फरहा, कशी बसली तू गाठोड्यावानी! चित्र पाह्य जरा."

फरहा उठून उभी राहिली. "भाऊ, या इथं. हा अर्ज तुमी भरा."

"कायले?"

"ताठ बसून कसं भरते, ते मले दाखवा."

लोक बघत होते, त्याला बसावंच लागलं. नाव टाइप होईतो त्याचे खांदे चढले, पत्त्याशी येईतो मान पुढं लोंबली.

"बाप्पा," वच्छलाबाई म्हणाल्या, "तुमीबी गाठोडंच झाले की!"

तो लालबुंद होऊन उठला. "जमत नसन तं घरी बस. पोरी लय भेटते मले."

घरी येऊन ती जेवली नाही. जमीर म्हणाला, "सोडून दे."

"मी काहून सोडू, भाई? काम मले येते. चुकी टेबलाची हाय, माही नाई. सकाळी कटर घेऊन चाल."

दुकानाची किल्ली तिच्याकडेच असे. दुकान उघडून ती खुर्चीत बसली, जमीरनं तिच्या कोपराशी माप धरलं. मग ठिणग्या उडाल्या आणि चारही पाय आखूड झाले.

नंदकिशोर आला तो ओरडतच. "माह्या बापाचा टेबल कापला तुनं!"

"सांगतलं होतं तुमाले, भाऊ. तुमी चित्र लावलं."

त्यानं तिला तेव्हाच हाकललं असतं. पण दारात रांग लागली होती आणि अर्ज भरणारं दुसरं कोणी नव्हतं.

हात लगेच बरा झाला नाही. पाऊस लागला तरी मुंग्या येतच होत्या, फक्त कमी कमी. नंदकिशोर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "या पोरीनं माहा टेबल कापला." दर वेळी फरहाचा संताप नव्यानं उसळे.

"हो, कापला," ती म्हणे. "काहून कापला, तेबी सांगा ना."

ते त्यानं कधीच कोणाला सांगितलं नाही.