कपाट कोण उघडणार?

ताईंनी कपाटाच्या दाराला खांदा लावला, त्याची मूठ वर उचलली आणि खालच्या कोपऱ्यावर चपलेची टाच हाणली. दार कुरकुरत उघडले. घडी घातलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा पायाशी पडला, तो त्यांनी रोजच्यासारखा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. खोक्यांच्या राज्यात पुठ्ठ्याला काय तोटा.

"तुमच्याशिवाय हे कपाट कुणाचं ऐकत नाही, ताई," नवा व्यवस्थापक म्हणाला.

"ऐकायला ते काय माणूस आहे?" ताई म्हणाल्या. पण त्यांना बरे वाटले, आणि बरे वाटले याचा रागही आला.

मोडकी खेळणी दुरुस्त करून इस्पितळातल्या मुलांना द्यायची, हे संस्थेचे काम. ते ताईंनी कित्येक वर्षे एकहाती ओढले होते. स्वयंसेवक यायचे, महिनाभर टिकायचे आणि घरची अडचण सांगून गळायचे. फुकटचे काम कुणाला हवे असते, असे ताई विश्वस्तांना सांगत. मग विश्वस्तांनी हा गोडबोल्या आणून त्यांच्या डोक्यावर बसवला, आणि गळालेले सगळे परत आले. निवृत्त बसचालक आता खेळण्यातल्या मोटारी फरशीवर पळवून पास-नापास ठरवायचा. किल्लीच्या बेडकांसाठी घड्याळजी दुकान लवकर बंद करून यायचा. याच घड्याळजीने शिवलेला अस्वलाचा डोळा ताईंनी पूर्वी त्याच्यादेखत उसवला होता. तिरका होता म्हणून.

आता खोलीत हशा पिकला की ताईंच्या पोटात दुखायचे. दादा, हे बघा. दादा, जमलं. काल आलेला माणूस सगळ्यांचा दादा झाला होता, आणि त्याला साधी सुई ओवता येत नव्हती.

"मी सोडतेय," जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितले. "उद्याच सांगते त्याला. मी गेले की कळेल. कपाट कोण उघडणार?"

"कपाटासाठी थांबली होतीस होय इतकी वर्षं?" नवरा म्हणाला आणि ताटातून मान वर न काढता जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी ताई मुद्दाम लवकर गेल्या. खोलीचे दार अर्धवट उघडे होते. व्यवस्थापक पाठमोरा उभा होता, एका हातात चहाचा कप. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्याने कपाट उघडले. ते कुरकुरलेसुद्धा नाही. बिजागरीला नवा कोरा स्क्रू चमकत होता. कप बाजूला ठेवून त्याने रंगाचे डबे आत लावले, पुठ्ठ्याचा तुकडा फाडून त्याची घडी घातली, ती दाराखाली सरकवली आणि गुडघ्याने रेटून दार बंद केले.

ताईंचे कान तापले. त्या आल्या पावली मागे फिरल्या आणि जिन्यात उभ्या राहिल्या. लबाडी त्याची, आणि तोंड लपवायची वेळ आली होती त्यांच्यावर. सगळे जमल्यावरच त्या आत गेल्या.

"ताई, रंग हवेत. जरा कपाट बघता?" व्यवस्थापक म्हणाला.

"आज तुम्हीच उघडा," ताई म्हणाल्या.

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग बाह्या सरसावल्या, दाराला खांदा लावला, दातओठ खाल्ले आणि नको तिथे लाथ मारली. दार ढिम्म.

"दादा, नापास," बसचालक म्हणाला.

सगळे खो खो हसले. तोही कपाळ पुसत हसला. "नाही जमत बुवा आपल्याला."

चारचौघांत स्वतःचे असे हसे करून घेणे ताईंना जन्मात जमले नसते. याआधी कधी वाटला नव्हता एवढा हेवा त्यांना त्या क्षणी त्याचा वाटला.

त्या उठल्या. खांदा, मूठ, टाच. दार उघडले आणि पुठ्ठा खाली पडला. कुणाचे लक्ष जायच्या आत ताईंनी त्यावर पाय ठेवला.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा नवऱ्याने विचारले, "सांगितलंस का मग त्याला?"

ताई दारात चपला काढत होत्या. उजवीची टाच पार झिजली होती.

"सांगणार होते," त्या म्हणाल्या. "पण कपाट कोण उघडणार?"