डॅशच्या मागं

सरकी काढायच्या यंत्रात बिजलीबाईचा उजवा हात मनगटापर्यंत गेला, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. राळेगावहून यवतमाळची एसटी चारला. ड्रायव्हर सेवादासनं जिनिंग कारखान्याच्या मालकाची जुनी मोटार काढली. शेजारच्या शाळेतल्या मथुराबाई मास्तरीण मागं बसल्या. बिजलीबाईच्या दंडाला आवळलेलं फडकं त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

अर्ध्या वाटेत मोटार गचके खात थांबली.

सेवादासनं टाकीत काडी घातली. टोक तेवढं ओलं निघालं. "तळाले हाये थोडं, पन वर येऊन नाही राह्यलं," तो म्हणाला. मग त्याला आठवलं. "बाई, पयला ड्रायव्हर सांगे, हिच्यात तळाचं पेट्रोल घ्याची एक टोटी हाये. कुठं हाये ते न सांगताच मेला तो."

हत्यारांच्या पेटीत याच मोटारीची जाहिरात होती. कोण्या जुन्या इंग्रजी साप्ताहिकाचं पान, ग्रीसमध्ये भिजलेलं. सेवादासनं ते बाईंसमोर धरलं. "मले इंग्रजी येत नाही. तुम्ही पाहा."

"याडी गं..." बिजलीबाई आईला हाक मारत कण्हली. फडक्यातून रक्त झिरपत होतं.

चित्राखाली मुंगीएवढी वळणदार अक्षरं होती. ग्रीसमुळं पाठची अक्षरंही उलटी उमटली होती. दोन्हींचा गुंता झाला होता.

"उन्हात धरू?"

"नको, अजून मिसळते. मागं काळं काही धरा."

त्यानं छत्रीचं काळं कापड पानामागं ताणलं. पाठची अक्षरं बुजली. मथुराबाई पुढं वाकल्या, पण हातांची पकड सोडली नाही.

"दोन गॅलन... हा के की आर? आर. रि... मधलं गेलं... र्व्ह. रिझर्व्ह! राखीव! टर्न... म्हणजे फिरवा... टॅप, टोटी..."

"कुठं?"

"थांबा. बी... बिहाइंड, मागं. द... डॅश." त्या थबकल्या. "डॅश म्हणजे काय, मले नाही ठाऊक."

"मले ठाऊक हाये!" सेवादास पुढच्या सीटपुढं आडवा झाला. मीटरच्या काट्यांच्या फळीमागं त्याचा हात गेला. टोटी सापडली, पण रंगानं चिकटली होती. पाना दोनदा निसटला. तिसऱ्यांदा टोटी करकरत फिरली.

त्यानं हँडल मारलं. इंजिन खोकलं, बंद पडलं. बिजलीबाईचं कण्हणंही थांबलं होतं.

"सेवादासभाऊ, लवकर!"

चौथ्या हँडलला इंजिन सुरू झालं.

यवतमाळला डॉक्टरांनी हात मनगटातून काढला. जीव वाचला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर बिजलीबाईनं पाणी मागितलं नाही. मथुराबाईंकडं पाहून ती म्हणाली, "बाई, ती मशीन बंद केली का? माह्या जागी दुसरी कोणी बसली असन."

मथुराबाईंनी सेवादासकडं पाहिलं. तो उठला आणि राळेगावला निघाला.