तिन्ही मजल्यांना ऐकू गेलेली माफी

आत्या लस टोचून घेऊन परतली तेव्हा भाची दारातच लांब चिमटा धरून उभी होती.

"चपला बाहेरच. पिशवी या बादलीत. तू सरळ न्हाणीघरात."

आत्याला त्यातलं निम्मंच कळलं. तिला कमी ऐकू यायचं आणि भाची घरातसुद्धा मास्क लावूनच बोलायची. शिवाय आत्याच्या कानात त्या वेळी मशीन नव्हतं. मास्कची दोरी त्यात सारखी अडकायची, म्हणून दवाखान्यात तिनं ते काढलं, रुमालात बांधलं, पिशवीत टाकलं आणि सुईच्या धास्तीत विसरूनही गेली.

भाचीनं पिशवी उघडून पाहिली नाही. बाहेरून आलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायची, कढत पाण्यात जंतुनाशक ओतून बुडवायची, असा तिचा नेम होता. साथ आली तसा तो वाढतच गेला. आता नेम म्हटला की मन निवायला हवं ना? जपाला बसलेलं माणूस उठताना हलकं होऊन उठतं. ही मात्र हात धुऊन वळली की पुन्हा शंका येई, नळाच्या तोटीला बोट लागलं का? की परत साबण. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, तरी हात काही तिच्या मते स्वच्छ होत नव्हते.

संध्याकाळी पिशवी पिळताना तिला रुमालाची गाठ लागली. हातमोज्यांनी तिनं ती सोडली. आत आत्याचं मशीन, शेंगदाण्याएवढं. मुठीत धरलं की ते बारीक शिट्टी घालायचं. तिनं मूठ मिटली. शिट्टी नाही.

तेवढ्यात आतून आत्याची हाक आली, "अगं, माझं मशीन दवाखान्यातच राहिलं बहुतेक! काय ही मी वेंधळी!"

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. भाची दारापर्यंत गेलीही. आत्या पलंगावर बसून रिकामा कान चाचपत होती आणि ओशाळं हसत होती. भाचीनं मान हलवली. हो, राहिलं असेल, अशी. मग बाल्कनीत जाऊन ते मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुंडीमागे ठेवून दिलं, आणि हात धुतले.

भाचीची नोकरी पंखे विकणाऱ्या कंपनीत होती. घरून फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत," हे वाक्य ती दिवसभर म्हणायची. कुणाच्या पंख्याचं पातं निखळलं, दिलगीर. कुणाचा फिरतच नाही, दिलगीर. फोन ठेवला की शेजारच्या खोलीत आत्या दिसायची आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही.

आत्या सकाळी वेळेवर रेडिओ लावायची. भक्तिगीतांच्या कार्यक्रमावर तिचा भारी जीव. ऐकू येईना तशी बटण पिळत राहायची. खालच्या मजल्यावरचे काका ओरडायचे, "अहो, देवाला ऐकू येतं हो! आम्हालाही येतं!" तेही तिला ऐकू जायचं नाही. कार्यक्रम संपला असेल अशा अंदाजानं ती हात जोडायची, आणि पुष्कळदा तिचे हात जोडलेले असताना रेडिओवर साबणाची जाहिरात चालू असायची. भाचीला ते बघवायचं नाही. ती तिथून उठून जायची.

कुठं जायची? नळाशी. आणि इथं तिला आणखी एक गोष्ट कळली, जी तिनं स्वतःलासुद्धा धड सांगितली नव्हती. पूर्वी नळ जरा जास्त वाहिला की आत्याची हाक यायची, "पुरे गं! कातडी सोलायचीय का?" आता हाक येत नव्हती. वाटेल तितका वेळ धुवावं. मशीन बिघडल्याचं वाईट वाटत होतं हे खरं. बरंही वाटत होतं, हेही खरंच.

आत्यानं दवाखान्यात फोन करायला लावला. शेजारी उभी राहून ढोसत होती, "विचार ना, नीट विचार." भाचीनं विचारलं. अगदी कंपनीच्या गोड आवाजात. तिथं सापडलं नाही म्हटल्यावर आत्याचा चेहरा पडला, आणि दोन-चार दिवसांत तिच्या मनानं वेगळीच वाट धरली.

"मला खुर्चीत बसवणारी ती मदतनीस होती ना, तिनंच उचललं असणार. सारखी माझ्या कानाशी काहीतरी करत होती."

"नाही गं आत्या, ती कशाला उचलेल?"

"काय? मोठ्यानं बोल!"

भाची मोठ्यानं बोलली नाही. आत्यानं मग शेजारणीकडून दवाखान्यात परस्पर निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात तीच मदतनीस. दार उघडताच ती दोन पावलं मागं सरकली.

"ताई, आत येत नाही. आजींना एवढंच सांगा, मी घेतलं नाही. कचऱ्याचे डबे उपडे केले, खुर्च्या सरकवल्या. डॉक्टर काही बोलले नाहीत, पण आज मला बाहेर रांगेवर उभं केलंय. आत पेशंटजवळ नको म्हणाले." तिनं मास्क नीट केला. "माझ्या आईलापण ऐकू येत नाही हो. तिचं मशीन मीच लावते. म्हणून आजींच्या कानाला हात लावला होता, दोरी सोडवायला."

भाचीचे कान तापले. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल..." एवढं तोंडातून निघालं, आणि पुढचं वाक्य तिचं तिलाच शिसारी आणणारं वाटलं.

"थांबा," ती म्हणाली.

बाल्कनीत जाऊन तिनं कुंडीमागची पुडी उचलली. हातमोजे घालायचं सुचलं नाही. की सुचलं, पण लाज वाटली. आत्या रेडिओपाशी बसली होती. भाचीनं मशीन तिच्यापुढं धरलं.

"अगोबाई! सापडलं? कुठं होतं?"

"माझ्याकडे होतं."

"काय?"

मास्कआडून आत्याला ओठ दिसत नव्हते. भाचीनं मास्क काढला. कित्येक महिन्यांत आत्यानं तिचं तोंड एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. तरी कळेना. मग भाची वाकली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडली,

"माझ्याकडे होतं! मीच बादलीत बुडवलं! तिनं नाही घेतलं!"

खिडक्या उघड्या होत्या. खालच्या काकांचा टीव्ही बंद झाला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

आत्या तिच्याकडे बघत राहिली. "आणि मला वेंधळी होऊ दिलंस? तिला चोर?"

"हो!"

"का गं?"

आता थांबता येत नव्हतं. "लाज वाटली! आणि... तुला नळ ऐकू येत नव्हता! ते मला बरं वाटत होतं!"

दारातली मदतनीस खाली मान घालून उभी होती. आत्या उठली, दाराशी गेली, तिच्यापुढं हात जोडले. "पोरी, मी तुझ्यावर घाण फेकली. आत्ता चल, तुझ्या डॉक्टरांना मी स्वतः सांगते."

"आजी, राहू द्या."

"काय? ऐकू येत नाही मला. चल!"

चपला घालताना ती भाचीकडे वळली. राग होताच, तो तिनं लपवला नाही. "नळ ऐकू येत नाही म्हणे. अगं, पाइप माझ्या उशाच्या भिंतीतून जातो. तू नळ सोडलास की भिंत थरथरते. रोज हात ठेवून पडलेली असते मी, ही थांबते कधी याची वाट बघत."

भाची तशीच उभी. उघडं तोंड, उघडा हात.

"येतेस का? तुझ्या तोंडून ऐकलं तर डॉक्टरांना पटेल."

"येते. एक मिनिट, हात..."

"धू," आत्या म्हणाली. "आम्ही थांबतो."

भाचीनं नळ सोडला. न्हाणीघराचं दार उघडंच होतं आणि बाहेर दोघीजणी उभ्या होत्या. तिनं नळ बंद केला. परत सोडला. आरशात न बघता परत बंद केला, आणि ओले हात तसेच घेऊन बाहेर आली.